तळ्याच्या गाळात गव्हाचा आवाज दबका का येतो?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात क्रॉफर्ड नावाचं एक तळं आहे. क्षेत्रफळ जेमतेम अडीच हेक्टर, खोली मात्र सुमारे 24 मीटर. पसारा लहान आणि खोली जास्त, त्यामुळे वाऱ्यानं वरचं पाणी कितीही हललं तरी तळ ढवळला जात नाही. तिथे दर वर्षाचा गाळ वेगळा राहतो: उन्हाळ्यात बसलेला चुन्याचा फिका पापुद्रा आणि उरलेल्या वर्षाचा काळपट पापुद्रा. खोडातली वर्तुळं मोजावीत तसे हे पापुद्रे मोजता येतात.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला परागतज्ज्ञ जॉन मॅकअँड्र्यूज या गाळातले परागकण तपासत होते. साधारण 13 व्या ते 15 व्या शतकांच्या थरांत त्यांना मक्याचे परागकण दिसले. मका रानात आपला आपण वाढत नाही. कुणीतरी दाणे पेरले, राखण केली, तरच मका. म्हणजे आसपास शेत होतं, आणि शेत होतं तर गावही असणार. पुरातत्त्वज्ञांनी शोध घेतला तेव्हा तळ्याजवळच इरोक्वॉयन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या लांबच लांब घरांचं गाव सापडलं. आधी परागकण, मग गाव.

मात्र यात एक कोडं आहे. मक्याचा परागकण मोठा आणि जड असतो. बहुतेक कण शेताच्या काही दहा मीटरांतच खाली पडतात. मग ते तळ्याच्या गाळात पोचले कसे? या कोड्याकडे शेवटी येऊ. तोवर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: जमिनीवर उभं असलेलं झाड आणि गाळात सापडणारा त्याचा कण यांचं नातं सरळ नसतं. जुन्या काळातलं रान किती होतं आणि शेत किती, हा सगळा हिशोब याच वाकड्या नात्यावर उभा आहे.

परागकण म्हणजे फुलातली ती पिवळी पूड. एकेक कण साधारण 10 ते 100 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा. त्याच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचा पदार्थ असतो. निसर्गातल्या अतिशय चिवट पदार्थांपैकी हा एक. आतला जिवंत भाग लवकर कुजून जातो, पण हवा न पोचणाऱ्या ओल्या गाळात हे कवच हजारो, लाखो वर्षं टिकतं. आणि कवचावरची नक्षी प्रत्येक वनस्पतिगटाची आपापली. पाइनच्या कणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात. अल्डर या झाडाच्या कणाला बहुधा पाच छिद्रं, आणि एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत कमानी. गवताचा कण गोल, गुळगुळीत, एकच छिद्र आणि त्याभोवती जाडसर कडं. एकदा डोळ्यात बसलं की हे चेहरे विसरत नाहीत.

गाळ काढायला पोकळ नळी तळात खुपसतात आणि गाळाचा अखंड दंडगोल वर काढतात. तळ्याचा गाळ वर्षाला बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी साचतो, म्हणून एक सेंटिमीटरचा तुकडा दहा-वीस किंवा त्याहून जास्त वर्षांचा ऐवज असतो. वय ठरवायला कार्बन-14, म्हणजे जीव मेल्यावर ठरावीक गतीनं घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, कामी येतो. त्यासाठी गाळाच्या लगद्यापेक्षा त्यात अडकलेलं जमिनीवरचं पान, बी किंवा काडी निवडलेली बरी, कारण चुनखडीच्या भागातल्या पाण्यात जुना कार्बन विरघळलेला असतो आणि त्यावर वाढलेलं शेवाळ आपलं वय खरं आहे त्याहून जास्त दाखवतं.

मग प्रयोगशाळेत एक घन सेंटिमीटर गाळ घेऊन त्यातलं परागकण सोडून बाकी सगळं घालवायचं. चुना हायड्रोक्लोरिक आम्लात जातो, वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लात, वनस्पतींचे धागे गुन्नार एर्टमन यांनी रूढ केलेल्या आम्लमिश्रणात. स्पोरोपोलेनिन हे सगळं सोसून उरतं. या कामाच्या सुरुवातीलाच गाळात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात. गोळीत बीजाणू किती, हे आधी मोजलेलं असतं. समजा 20,000 टाकले. सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना 500 परागकण आणि गोळीतले 100 बीजाणू दिसले, तर 20,000 पैकी 100 म्हणजे दोनशेवा भाग आपण पाहिला. म्हणून मूळ गाळात कण होते 500 गुणिले 200, म्हणजे एक लाख. एका घन सेंटिमीटरमध्ये एक लाख! इतकी साधी, इतकी चोख युक्ती विज्ञानात कमीच पाहायला मिळते.

एकेका थरातले तीनशे, पाचशे, कधी हजार कण ओळखून मोजायचे, टक्केवारी काढायची, खालून वर आलेख रचायचा. ही पद्धत स्वीडनचे भूवैज्ञानिक लेनार्ट फोन पोस्ट यांनी 1916 साली क्रिस्तियानिया इथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत, एका व्याख्यानात मांडली. तेव्हापासून परागआलेख हा गतकाळातल्या रानांचा आरसा मानला गेला.

टक्के म्हणजे हेक्टर नव्हेत

पण हा आरसा वेडावाकडा आहे. समजा एका थरात फक्त दोनच प्रकारचे कण निघाले: 60 टक्के पाइन, 40 टक्के गवत. पाहणारा म्हणेल की परिसरात अर्ध्याहून जास्त जंगल होतं. आता एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपात प्रत्यक्ष मोजमापं घेऊन काढलेल्या सरासरीत गवताच्या परागनिर्मितीला 1 धरलं तर तेवढ्याच जागेतल्या पाइनची साधारण 6 भरते. ओकची 6 च्या जवळपास, अल्डरची 9. तेव्हा पाइनच्या 60 ला 6 नं भागा: 10. गवताचे 40 ला 1 नं भागा: 40. एकूण 50, त्यात पाइन 10. म्हणजे जंगल 20 टक्के आणि मोकळं रान 80 टक्के! कण तेच, मोजणी तीच, आणि चित्र पार उलटं.

ही उदाहरणापुरती केलेली सोपी आकडेमोड आहे. खऱ्या हिशोबात कण किती दूर जातो तेही धरावं लागतं. शांत हवेत पाइनचा कण सेकंदाला 3 सेंटिमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो, धान्याचा जवळजवळ 6. शिवाय पाइन उंचावरून कण सोडतो आणि धान्य गुडघ्या-कमरेच्या उंचीवरून. पाइनचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर गेल्याच्या नोंदी आहेत. जिथे एकही झाड नाही अशा उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांतही ते सापडतात.

गहू आणि सातू यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ही दोन्ही पिकं बहुतांशी स्वपरागित आहेत. फुलोरा नीट उघडायच्या आतच परागण उरकतं, कण तुसांतच अडकून राहतात आणि त्यातले बरेचसे मळणीच्या वेळी उधळतात. शेत कितीही मोठं असो, वाऱ्यावर सोडायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. राय हे धान्य मात्र परपरागित, वाऱ्यावर भरपूर कण सोडणारं. त्यामुळे जुन्या आलेखात रायची रेघ ठसठशीत दिसते आणि गव्हाची बारीक. ते पाहून लोकांनी गहू सोडून राय धरली असं म्हणणं घाईचं ठरेल. राय मोठ्यानं बोलते, गहू हळू बोलतो, एवढंच त्यावरून नक्की कळतं. लिंडनसारखी कीटकपरागित झाडंही अशीच हळू बोलणारी. युरोपातली लिंडनची दाट रानं आलेखात कितीतरी काळ विरळ वाटत राहिली.

माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. झाडं गर्जतात आणि शेतं कुजबुजतात. नुसत्या टक्केवारीवर विसंबलं की जुनी माणसं जंगलाच्या एखाद्या कोपऱ्यात भीतभीत चार दाणे पेरत होती असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात त्यांनी जमीन कितीतरी अधिक उघडी केली होती.

ही अडचण अभ्यासकांना सुरुवातीपासून खुपत होती. 1963 मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेव्हिस यांनी प्रत्येक वनस्पतीचा परागातला वाटा भागिले रानातला वाटा असं गुणोत्तर मांडलं. 1970 मध्ये डेन्मार्कचे स्वेन्ड अँडरसन यांनी जंगलात जमिनीवर वाढणाऱ्या शेवाळाच्या गाद्या गोळा केल्या. अशी गादी वरून पडलेला पराग धरून ठेवते. त्यातले कण मोजायचे, आसपासची झाडं मोजायची, आणि दोन्ही ताडून पाहायची. त्यातून त्यांनी सांगितलं की ओक, बर्च, अल्डर, पाइन यांच्या आकड्याला 4 नं भागा, लिंडन आणि ॲश यांना 2 नं गुणा. गुडघे टेकून शेवाळ उचलण्याचं हे काम. त्यातून निघालेल्या एका भागाकारानं हजारो वर्षांच्या रानांची पुनर्मांडणी झाली.

पुढचा टप्पा शिन्या सुगिता यांचा. त्यांनी आधी दाखवलं की तळं किती मोठं, यावर ते किती दूरचं ऐकतं हे ठरतं. शे-दोनशे मीटर रुंदीच्या लहान तळ्यात दूरच्या प्रदेशातून येणारा पराग सगळीकडे सारखाच असतो. तळ्यातळ्यांत जो फरक दिसतो तो काठापासून काहीशे मीटर ते काही किलोमीटरपर्यंतच्या रानामुळे. पन्नास-शंभर हेक्टरांचं मोठं सरोवर मात्र पन्नास-शंभर किलोमीटरच्या प्रदेशाची सरासरी घेऊन बसलेलं असतं. 2007 मध्ये त्यांनी यावरून दोन गणिती प्रारूपं मांडली, ‘रिव्हील्स’ आणि ‘लव्ह’. पहिलं मोठ्या सरोवरांतल्या कणांवरून प्रदेशातल्या वनस्पतींचं प्रमाण काढतं. दुसरं ते प्रमाण हाताशी धरून लहान तळ्यातल्या कणांमधून दूरच्या परागाचा वाटा वजा करतं, मग काठावरचं रान उरतं. गोंगाटातून बाहेरचा आवाज वजा करून खोलीतलं बोलणं ऐकावं, तसं.

दक्षिण स्वीडनमध्ये याची परीक्षा झाली. तिथला स्कोने भाग शेतीचा, मोकळा, स्मोलांड जंगलाचा. आजच्या सरोवरांच्या वरच्या थरातले कण घेऊन हिशोब केला आणि आजच्या नकाशांशी ताडून पाहिला. नुसत्या टक्केवारीपेक्षा प्रारूपाचा आकडा जमिनीवरच्या वास्तवाला पुष्कळच जवळचा निघाला. पुढे हीच पद्धत युरोपभरच्या शेकडो गाळनोंदींना लावली गेली, आणि मोकळ्या जमिनीचा वाटा आधी वाटत होता त्याहून बराच मोठा ठरला. जुन्या हवामानाची प्रारूपं करणाऱ्यांना हे आकडे हवे असतात, कारण जंगल आणि शेत ऊन वेगवेगळं परतवतात, कार्बनही वेगवेगळा धरतात.

कुऱ्हाडीचा ठसा

आता थोडं मागे जाऊ. 1941 मध्ये डेन्मार्कचे योहान्नेस इव्हर्सन यांनी परागआलेखात एक क्रम टिपला. आधी ओक, लिंडन, एल्म यांची रेघ खाली येते. मग गवत वाढतं, धान्याचे थोडे कण येतात, आणि आधी जवळजवळ नसलेली एक वनस्पती उगवते: भालपानी प्लँटेन. ही इसबगोलाची सख्खी भावकी, उन्हाला आसुसलेली, गुरांच्या पायाखाली तुडवली तरी तग धरणारी. दाट सावलीत ती टिकत नाही. पुढे बर्च आणि हेझल उसळतात, आणि शेवटी मोठी झाडं परततात. इव्हर्सन यांनी याला ‘लँडनाम’ म्हटलं, म्हणजे जमीन ताब्यात घेणं. नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी रान तोडलं, जाळलं, पेरलं, गुरं चारली आणि काही वर्षांनी ते पुढे सरकले, असा त्यांचा अर्थ.

दगडी कुऱ्हाडीनं एवढं रान तुटेल का, ही शंका रास्त होती. म्हणून 1950 च्या दशकात डेन्मार्कच्या द्राव्हेद जंगलात प्रयोग झाला. गारगोटीच्या खऱ्या नवाश्मयुगीन कुऱ्हाडींना दांडे बसवले आणि माणसं कामाला लागली. पोलादी कुऱ्हाडीसारखा खांद्यापासून जोरात घाव घातला की दगड फुटायचा. मग लक्षात आलं की कोपरापासून छोटे, भराभर घाव घालायचे. तसं केल्यावर झाडं पडायला लागली. मग तोडलेलं जाळलं आणि राखेत जुन्या जातींचा गहू आणि सातू पेरला. जाळलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी पीक चांगलं आलं, न जाळलेल्या जमिनीत जेमतेम. पाठोपाठ प्लँटेनही उगवलं. आलेखावरच्या रेघा पायाखाली हिरव्या होऊन उभ्या राहिल्या.

सगळ्याच गोष्टी इतक्या सरळ उलगडत नाहीत. वायव्य युरोपात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी एल्मचे कण एकाएकी निम्म्याहून खाली येतात. काळ शेतीच्या आगमनाचा, म्हणून बराच काळ संशय शेतकऱ्यांवर होता: गुरांच्या चाऱ्यासाठी त्यांनी एल्मच्या फांद्या छाटल्या असाव्यात. पण 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये बुरशीच्या रोगानं एल्म झपाट्यानं मेले, आणि आजच्या काळातल्या त्या मरीचा पराग पाहिला तर तो जुन्या आलेखासारखाच दिसला. हा रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्याचे अवशेषही लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथच्या गाळात त्याच काळाच्या आसपास सापडले. आज बहुतेकांचा कल रोग आणि माणूस दोघांनाही जबाबदार धरण्याकडे आहे. माणसानं फांद्या तोडल्या, जखमा झाल्या, रोग पसरला, असंही घडलेलं असू शकतं.

धान्य ओळखण्यातही फसगत होते. धान्याचा कण जंगली गवताच्या कणापेक्षा मोठा, साधारण 40 मायक्रॉनच्या वर आणि छिद्राभोवतीचं कडं रुंद, ही ढोबळ खूण. पण काही जंगली गवतांचे कणही तेवढेच मोठे असतात, आणि त्यातली ग्लिसेरियासारखी गवतं नेमकी पाण्याच्या काठालाच वाढतात. राजस्थानातल्या लूणकरणसर सरोवराच्या गाळात गुरदीप सिंग यांना 1970 च्या दशकात नऊ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या थरांत धान्यासारखे कण आणि कोळशाचे बारीक तुकडे मिळाले. त्यावरून त्यांनी इतक्या जुन्या शेतीची शक्यता मांडली. शक्यता मोठी होती, पण मोठ्या कणाचं जंगली गवत आणि आपोआप लागलेला वणवा एवढ्यानंही तेच चित्र उमटू शकतं, म्हणून हा निष्कर्ष वादातच राहिला. धान्याच्या जोडीला तण, गुरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि उतारावरून धुपून आलेली माती असेल तर साक्ष पक्की होते. आता गाळातला डीएनएही वाचता येतो. फ्रेंच आल्प्समधल्या आंतेर्न सरोवरात मेंढ्या आणि गायींचा डीएनए मिळाला, तिथलं रान चराईखाली कधी आलं हे त्यातून समजलं.

परागकणांनी इतिहासाच्या पुस्तकांनाही प्रश्न विचारलेत. 1347 ते 1352 च्या प्लेगनं युरोपातली अर्धी माणसं नेली असं सरसकट सांगितलं जातं. मजूर मेले तर शेतं पडीक पडणार आणि तिथे बर्चसारखी झाडं उगवणार. 2022 मध्ये ॲडम इझ्देब्स्की आणि सहकाऱ्यांनी 19 देशांतल्या 261 ठिकाणांचे 1,634 परागनमुने घेऊन प्लेगच्या आधीचं शतक आणि नंतरचं शतक यांची तुलना केली. स्वीडन, फ्रान्स, नैऋत्य जर्मनी, मध्य इटली, ग्रीस इथे धान्य घटलेलं आणि रान परतलेलं दिसलं. पण आयर्लंड, इबेरिया (म्हणजे स्पेन-पोर्तुगाल) आणि पोलंडसारख्या पूर्वेकडच्या बऱ्याच भागांत शेती टिकली, काही ठिकाणी वाढली. करांच्या आणि चर्चच्या जुन्या नोंदी जिथे नाहीत, तिथल्या शेतकऱ्याच्या वतीनं गाळ बोलला. इथे त्या त्या ठिकाणची आधीची आणि नंतरची मोजणी एकमेकींना ताडली होती, म्हणून गव्हाच्या दबक्या आवाजातला चढउतारही ऐकू आला.

आता क्रॉफर्ड तळ्याकडे. मक्याचे जड कण तिथे पोचले कसे, याचं उत्तर मॅकअँड्र्यूज आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं 2007 साली दिलं. त्याच थरांत त्यांना गवताच्या तुकड्यांनी भरलेल्या बारीक गोळ्या दिसल्या. त्या होत्या कॅनडा गूज या हंसासारख्या पाणपक्ष्याच्या विष्ठेच्या गोळ्या, आणि त्यांत पिकांचे परागकण होते. हे पक्षी दिवसा गावाच्या शेतात चरायचे, तिथल्या पानांवर, मातीवर पडलेला पराग पोटात जायचा, आणि मग ते तळ्यावर येऊन उतरायचे. गाव उठून गेल्यावर मक्याचे कण थांबतात आणि या गोळ्याही कमी होतात. त्यानंतर कितीतरी पापुद्रे नुसत्या रानाचे आहेत, 19 व्या शतकात युरोपातून आलेल्या लोकांनी जंगल तोडेपर्यंत. तिथून रॅगवीडचे कण एकदम उसळतात. ही आपल्या गाजरगवताची जवळची भावकी, नांगरलेल्या उघड्या मातीवर सगळ्यात आधी येणारी, आणि वाऱ्यावर भरभरून पराग सोडणारी.